अपुऱ्या दिवसांची मोजणी

(घणसोली गाव, नवी मुंबई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गावाने आपली भातशेती आणि खाडीकाठ एका नव्या शहराच्या स्वाधीन केला, आणि त्याच्या मोबदल्याचा हिशेब करता करता ज्याच्या दोन पिढ्यांचे केस पांढरे झाले, त्या गावात येऊन मोजणी या विषयावर बोलणे हे बाहेरच्या माणसाला थोडे धाडसाचेच वाटावे. १९७० साली ते नवे शहर वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले, १९८४ च्या जानेवारीत उरण-जासईच्या परिसरात शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला, हा इतिहास मी तुम्हांस सांगावा असे नाही. सातबाऱ्यावर एक गुंठा कमी लागला, किंवा फेरफाराच्या नोंदीत एका भावाचे नाव राहून गेले, तर त्याची किंमत नातवंडांना मोजावी लागते हे या सभागृहातील प्रत्येक वृद्ध जाणतो. परंतु ज्या घरात जमिनीचा एकूण एक कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो, त्याच घरात सून गरोदर असता तिला आज कितवा आठवडा आहे असे विचारले, तर सासू बोटे मोजू लागते, नवरा बायकोकडे पाहतो, आणि ती बिचारी ‘सातवा लागला असेल’ एवढेच सांगते.

अकाली प्रसूती, म्हणजे दिवस भरण्यापूर्वी होणारे बाळंतपण, हा आजचा माझा विषय आहे. ते कितपत वाढत आहे आणि कोणत्या कारणांनी घडते, याचे विवेचन करावे अशी व्याख्यानमालेच्या चालकांची सूचना होती. ते मी यथाशक्ती करीनच. परंतु आयुष्याचा बराच भाग नवजात बालकांच्या कक्षात घालविल्यावर माझे जे मत बनले आहे ते आरंभीच सांगून टाकतो. आपल्याकडे अकाली प्रसूतीचा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच तो दप्तराचा आहे. गर्भाचे दिवस पहिल्या तीन महिन्यांत कोणी विश्वासाने मोजून लिहून ठेवले नाहीत, तर मूल अकाली जन्मले की नाही हे सांगता येत नाही, त्याचे प्रमाण वाढले की घटले हे ठरविता येत नाही, आणि त्याला वाचविण्याचे जे उत्तम औषध हाती आहे ते देणे हितकारक की अपायकारक याचाही निर्णय होत नाही.

प्रथम व्याख्या पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, भरण्यापूर्वी जे मूल जन्मते ते अकाली. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतले अति-अकाली, आणि २८ च्या आतले अत्यंत अकाली. ही व्याख्या आज सर्वमान्य असली तरी तिला फार दिवस झालेले नाहीत. फिनलंडमधील बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्पो याने १९१९ च्या सुमारास अडीच किलो वजनाची रेघ ओढली, आणि १९४८ साली जागतिक आरोग्य परिषदेनेही तीच रेघ कायम केली, कारण वजनकाटा सर्वत्र होता आणि दिवसांचा हिशेब कोठेच नव्हता. अडीच किलोच्या आत भरलेले प्रत्येक मूल त्या हिशेबी अपुऱ्या दिवसांचे ठरत असे. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने वजन आणि दिवस यांची फारकत केली, तेव्हा कोठे लहान मूल आणि लवकर जन्मलेले मूल ही दोन निराळी माणसे आहेत हे शास्त्राने अधिकृतपणे मान्य केले.

ही फारकत युरोपला सोयीची होती; आपल्याला ती अत्यावश्यक होती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ च्या सुमारास घरोघर जाऊन नवजात बालकांची जी पाहणी केली, तीत सुमारे चाळीस टक्के बालके अडीच किलोच्या आत भरली, परंतु अपुऱ्या दिवसांची मात्र सुमारे दहा टक्केच निघाली. उरलेली बहुसंख्य बालके पूर्ण दिवस आईच्या पोटात राहूनही अर्धपोटी राहिली होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासाची साक्षही तशीच आहे: इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सरासरी जन्मवजन साडेतीन किलो, तर आपल्या शेतकरी मातांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांचे सुमारे दोन किलो सातशे ग्रॅम. सबब महाराष्ट्रात केवळ काट्याकडे पाहून अकाली प्रसूती मोजणारा माणूस मातेच्या उपासमारीचा दोष कालगणनेच्या माथी मारतो, आणि इलाज योजताना साहजिकच चुकतो.

आता प्रमाणाचा प्रश्न. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली असा अंदाज आहे, म्हणजे दर दहांत एक. २०१० साली हे प्रमाण ९.८ टक्के होते, २०२० साली ९.९ टक्के; एका दशकाच्या सभा, ठराव आणि घोषणा यांनी त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. त्या १ कोटी ३४ लाखांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, म्हणजे जगातील दर पाच अकाली बालकांत एकाहून अधिक आपले. आणि आपल्या देशातील प्रमाण शेकडा तेराच्या आसपास येते. पाच वर्षांच्या आतील बालमृत्यूंच्या कारणांत अकाली जन्म आणि त्यातून उद्भवणारे विकार यांचा क्रमांक आज जगात पहिला आहे. धनुर्वात, अतिसार, गोवर हे जुने वैरी जसजसे मागे हटले तसतसा हा पुढे आला. महाराष्ट्रात नवजात मृत्यूंचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी ११ पर्यंत खाली आले, देशाचे तेव्हा २० होते. ही मोठी कमाई आहे. मात्र मृत्यूंची संख्या घटली तरी जे मृत्यू उरले त्यांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा वाटा मोठा होत गेला.

परंतु ‘शेकडा तेरा’ हा आकडा उच्चारताना थोडे थबकले पाहिजे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाळंतिणीला गर्भारपणाची मुदत महिन्यांत विचारली जाते, आणि तीही प्रसूतीनंतर केव्हातरी, कधी वर्षादोन वर्षांनी. सदतीस आठवड्यांची सीमारेषा ही आठ महिने पुरे होऊन नववा चालू असताना पडते, आणि तेथेच आपल्याकडील बहुतेक बायकांची मोजणी डगमगते. चांद्रमास धरायचा की इंग्रजी, चालू महिना धरायचा की सरलेला, हे प्रत्येक घराचे निराळे शास्त्र आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणावर आधारलेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राज्याराज्यांतील अकाली जन्मांचे प्रमाण इतके भिन्न निघाले की, हिमाचल प्रदेशासारख्या तुलनेने सुस्थितीतील राज्यात ते शेकडा ३९ दिसते. थंड हवेच्या त्या प्रदेशात पाचांतील दोन बालके खरोखर दिवस भरण्यापूर्वी जन्मतात, असे मानण्यापेक्षा तेथे महिने मोजण्याची रीत निराळी असावी असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आपल्या म्हाताऱ्या बायकांचा एक सिद्धान्त तुम्ही सर्वांनी ऐकला असेल: सातव्यात झालेले मूल जगते, आठव्यात झालेले जगत नाही. हा समज केवळ आपलाच नव्हे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही तो आहे, आणि तिथल्याप्रमाणे इथेही तो चूक आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा बालकाच्या जगण्याची शक्यता वाढवितो, त्याला सातव्या-आठव्याचा अपवाद नाही. मग एवढ्या शहाण्या, शेकडो बाळंतपणे पाहिलेल्या सुइणींचा अनुभव असा उलटा का आला? माझा तर्क असा की, जगलेली पुष्कळशी ‘सातमाशी’ मुले मुळात सातमाशी नव्हतीच. ती चौतीस-पस्तीस आठवड्यांची असून मोजणीत घसरली होती. लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेली आणि चांगली तीन किलो भरलेली काही मुलेही त्या यादीत होती. त्यांची कैफियत येथे उघडण्याचे प्रयोजन नाही.

मोजणी कशी होते, आणि कोठे बिघडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका, दारात उभी राहून विचारते, ‘ताई, शेवटची पाळी कधी आली होती?’ उत्तर येते, ‘गौरी गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ हे उत्तर हसण्यासारखे नाही. उलट ते उत्तम आहे, कारण गौरीविसर्जनाची तारीख दिनदर्शिकेत सापडते आणि तेवढ्यावरून दिवस निश्चित करता येतो. ‘श्रावणात कधीतरी’ हे उत्तर निरुपयोगी. आणि अंगावर पाजत असतानाच, पाळी सुरू होण्यापूर्वी, पुन्हा दिवस गेले असतील तर उत्तरच नसते. अशा वेळी अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील सोनोग्राफी हा एकमेव खात्रीचा दस्तऐवज. त्या काळात सर्व मातांचे गर्भ, त्या श्रीमंत असोत की गरीब, जवळजवळ एकाच गतीने वाढतात. म्हणून गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली की आठवडाभराच्या आत बरोबर वय निघते. हीच तपासणी आठव्या महिन्यात केली तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते, कारण तोवर पोटातील मुलाच्या अंगावर आईच्या ताटातले अंतर दिसू लागलेले असते. अर्धपोटी राहिलेले पूर्ण दिवसांचे मूल त्या पडद्यावर अपुऱ्या दिवसांचे दिसते. गर्भलिंगचिकित्सेच्या भयाने या यंत्रावर कायद्याचा कडक पहारा बसविणे प्राप्तच होते, आणि त्यात महाराष्ट्राने १९८८ साली पहिला कायदा करून पुढाकार घेतला ही अभिमानाची गोष्ट. पण त्याच यंत्राचा दिवस मोजण्याचा साधा, सात्त्विक उपयोग गरिबाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची तजवीज मात्र तितक्या तत्परतेने झाली नाही.

त्यात आपल्याकडील माहेरपणाची भर. घणसोली आज केवळ आगरी-कोळ्यांचे गाव राहिलेले नाही. गावठाणाभोवती सिम्प्लेक्स आणि घरोंदा या वसाहतींत सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कामगारांची कुटुंबे आहेत, रबाळे-महापे येथील कारखान्यांत राबणारी विदर्भ-मराठवाड्याची माणसे आहेत, आणि चाळींतून उत्तरेकडील मजूर आहेत. सातव्यात डोहाळजेवण होते, आणि सून पहिल्या बाळंतपणासाठी पाटणला, शिराळ्याला किंवा बुलढाण्याला रवाना होते. तिचे माता व बालसंरक्षण कार्ड कधी तिच्याबरोबर जाते, कधी येथल्या कपाटात राहते; सोनोग्राफीचा पहिला कागद तर बहुधा राहतोच. बत्तिसाव्या आठवड्यात तिच्या पोटात कळा येतात तेव्हा समोरच्या डॉक्टरला ती प्रथमच दिसत असते, आणि तो नव्याने सोनोग्राफी करून नवे, तीन आठवड्यांच्या चुकीचे वय लिहितो. नवी मुंबईत नोंदलेली गर्भवती आणि साताऱ्यात बाळंत झालेली स्त्री एकच असली तरी दप्तरात त्या दोन राहतात.

आता कारणांकडे वळतो. वैद्यकाच्या पुस्तकात ती पुष्कळ आहेत, आणि निम्म्याच्या आसपास प्रसंगांत एकही नेमके कारण हाती लागत नाही; म्हणून सर्वांची जंत्री न देता ज्याविषयी आपल्या मुलखातला पुरावा आहे तेथे मी अधिक थांबतो. असे पहिले कारण म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू भाजून, तिची काळी पूड करून हिरड्यांना लावण्याची ही सवय आपल्या बायकांत इतकी रुळलेली आहे की, तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासण्यातच जमा होते. विडी ओढणारी बाई चारचौघांत लाजते, मशेरी लावणारी सासू सुनेला ‘मळमळतंय ना, थोडी लाव, बरं वाटेल’ असे मायेने सांगते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करून २००४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो मी प्रत्येक डोहाळजेवणात वाचून दाखवावा अशा योग्यतेचा मानतो. धूररहित तंबाखू, प्रामुख्याने मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भारपणाची मुदत सरासरी सहा दिवसांनी घटली. सहा दिवस ऐकावयास अल्प वाटतात, पण ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात काय दडलेले असते ते पाहा: ३७ आठवड्यांच्या आत प्रसूत होण्याचा संभव या स्त्रियांत सुमारे दीडपट, ३२ आठवड्यांच्या आत जवळजवळ पाचपट, आणि २८ च्या आत आठपट निघाला. म्हणजे सर्वांत लहान, सर्वांत दुबळी, जगण्याची आशा सर्वांत कमी असलेली जी बालके, त्यांच्यावर या काळ्या पुडीचा घाव सर्वांत मोठा. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, वारेला होणारा रक्तपुरवठा मंदावतो, हे त्याचे शरीरशास्त्र. ही एक सवय सोडण्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. आणि तरीही अकाली प्रसूतीवरील आपल्या भित्तिपत्रकांवर पेटलेल्या सिगारेटचे चित्र असते, मशेरीच्या डबीचे नसते. ज्याने ते चित्र काढले त्याने आपली स्वतःची आजी नीट पाहिलेली नसावी.

दुसरे कारण कष्ट. तासन्‌तास उभे राहणे, जड ओझी उचलणे, रात्रपाळी यांचा अकाली प्रसूतीशी संबंध आहे, हे आज अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे; आपल्या प्रांतात मात्र हा मुद्दा विज्ञानाच्या अगोदर विधिमंडळात मांडला गेला. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या आधी व नंतर सवेतन विश्रांती मिळावी असे विधेयक १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना, मातेला प्रसूतिपूर्व काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये तो कायदा झाला आणि देशातील अशा कायद्यांत तो पहिला ठरला. आज प्रसूतिरजा २६ आठवड्यांची आहे, पण ती हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. नाक्यावर उभी राहून रोजाने विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, किंवा पहाटे मासळीची टोपली डोक्यावर घेणारी स्त्री, हिची रजा अजून कोणाच्याच वहीत चढलेली नाही.

बाकीची कारणे त्वरेने सांगतो, कारण ती सांगण्यापेक्षा करण्याचीच आहेत. लघवीच्या मार्गातील आणि योनीमार्गातील जंतुसंसर्ग पुष्कळदा काहीही त्रास न देता आत धुमसत राहतो आणि अवेळी कळा आणतो. त्यांतला पहिला ओळखण्यास लघवीची तपासणी पुरते. रक्तक्षय: महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत त्याचे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ झाले, म्हणजे ज्या दिशेने जावयास नको त्याच दिशेने गेले. त्याच वेळी राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कोवळ्या वयातले गर्भारपण अपुऱ्या दिवसांत संपण्याचा धोका अधिक असतो. रक्तदाब, मधुमेह, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, आधीची अकाली प्रसूती, ही यादी परिचारिका ताईंना मुखोद्गत आहे. हवेचाही वाटा आहे. मघाशी उल्लेखिलेल्या २०२५ च्या अभ्यासाने, ज्यात आपल्या देवनार येथील लोकसंख्याविज्ञान संस्थेचे संशोधकही होते, हवेतील सूक्ष्म कण अधिक असलेल्या भागात अकाली जन्म अधिक असल्याचे दाखविले. त्याच्या आकड्यांना महिन्यांच्या मोजणीचा दोष लागतोच. पण इतर देशांत आठवडे नीट मोजून जे अभ्यास झाले त्यांचाही कौल त्याच बाजूला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या कुशीत वसलेल्या आणि हिवाळी पहाटे रसायनांचा वास ओळखू शकणाऱ्या गावाला यावर अधिक भाष्य नको.

एक कारण मात्र असे आहे की ते गरिबीतून येत नाही, सुबत्तेतून येते. वंध्यत्वावरील उपचारांनी जुळी वाढली, आणि जुळ्यांतील निम्म्याहून अधिक दिवस भरण्यापूर्वीच जन्मतात. तशाच शस्त्रक्रियाही वाढल्या: महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणांच्या दरम्यान २०.१ टक्क्यांवरून २५.४ वर गेले. यांतील पुष्कळ शस्त्रक्रियांनी आईचे किंवा मुलाचे प्राण वाचविले आहेत. रक्तदाब चढलेल्या मातेला बत्तिसाव्या आठवड्यात मोकळे करणारा डॉक्टर अकाली प्रसूतीची संख्या वाढवितो, पण तोच घरातल्या दोन तिरड्या टाळतो. माझा आक्षेप आहे तो मुहूर्त काढून, पुष्य नक्षत्र साधून, किंवा रविवार टाळून केलेल्या प्रसूतींवर. कारण दिवस जर तीन आठवड्यांनी चुकलेले असतील तर अडतीसावा म्हणून काढलेला तो मुहूर्त पस्तिसाव्यात पडतो, आणि नक्षत्र कितीही शुभ असले तरी फुप्फुसे पत्रिका पाहत नाहीत.

मूल अकाली जन्मलेच तर काय? गावात म्हणतात, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ ती काचेची पेटी पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास प्रसूतितज्ज्ञ तार्निये याने प्रथम वापरली, आणि तिने असंख्य जीव तारले यात शंका नाही. पण पेटीला वीज लागते, देखभाल लागते, रात्री जागी असलेली परिचारिका लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बालके दगावली, तेव्हा यंत्रावर सर्वस्वी विसंबण्याची किंमत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून कोलंबियातील बोगोता शहरी १९७८ च्या सुमारास डॉ. रेय यांनी बालकाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत काढली, तिलाच कांगारू केअर म्हणतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने तिची पद्धतशीर परीक्षा करून २००८ साली निष्कर्ष छापले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या प्रयोगात, जन्मताक्षणीच ही रीत सुरू केल्यास एक ते १.८ किलोच्या बालकांतील मृत्यू चतुर्थांशाने घटतात असे दिसले, तेव्हा तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवून सर्वच बालकांना त्याचा लाभ द्यावा लागला. आईला दूध येईपर्यंत अशा बालकाने काय प्यावे, या प्रश्नाचे उत्तरही मुंबईनेच आशियाला प्रथम दिले: शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली.

आणि आता ज्या औषधाचा मी आरंभी निर्देश केला ते. न्यूझीलंडमधील लिगिन्स या संशोधकाला मेंढ्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, स्टेरॉइड टोचल्यावर दिवस न भरलेली कोकरेही श्वास घेऊ शकतात; त्याने आणि हॉवी याने १९७२ साली माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला, आणि प्रसूतीपूर्वी आईला दिलेले हे स्वस्त इंजेक्शन बालकाची फुप्फुसे आधीच तयार करते हे सिद्ध झाले. इतके स्वस्त आणि इतके गुणकारी औषध खेड्यापाड्यांत सर्वांना का देऊ नये? याच विचाराने सहा देशांत एक प्रचंड प्रयोग झाला. त्यात आपल्या नागपूरची आणि सीमेवरील बेळगावची खेडीही होती. २०१५ साली निष्कर्ष आले ते धक्का देणारे: जेथे हे औषध सढळपणे दिले गेले तेथे बालमृत्यू घटले नाहीत, एकंदरीत वाढले. कारणांची चर्चा अजून चालते. परंतु एक ढळढळीत होते, की ज्या स्त्रियांना ते टोचले त्यांतील पुष्कळजणी अकाली प्रसूत होणाऱ्या नव्हत्याच. दिवसांचा पक्का हिशेब नव्हता, म्हणून पूर्ण दिवसांच्या गर्भालाही औषध पोहोचले, आणि त्याचा त्याला लाभ शून्य, अपायाचा संभव मात्र खरा. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत तोच प्रश्न पुन्हा तपासला, पण या वेळी सोनोग्राफीने वय निश्चित झालेल्या, २६ ते ३४ आठवड्यांतील मातांनाच औषध दिले. २०२० मध्ये उत्तर उलटे आले: औषध न मिळालेल्या बालकांत मृत्यू शेकडा २३.५, मिळालेल्यांत १९.६, दर पंचवीस मातांमागे एक मूल वाचले. औषध तेच आणि मुलूखही बव्हंशी त्याच जातीचा. रुग्णालयाची व्यवस्था दुसऱ्या वेळी अधिक चांगली होती हे खरे. पण औषध कोणाला द्यावयाचे हे ज्या नोंदीवरून ठरले, ती नोंद पहिल्या वेळी नव्हती.

म्हणून माझी या गावाला सूचना एवढीच की, पाळी चुकताच, तिसरा महिना संपण्यापूर्वी, सुनेची नोंद येथल्या नागरी आरोग्य केंद्रात करावी, पहिल्या सोनोग्राफीचा कागद सातबाऱ्याच्याच पेटीत ठेवावा, आणि ती माहेरी निघेल तेव्हा तो कागद आणि कार्ड, दोन्ही तिच्याबरोबर द्यावे. महिला मंडळाने डोहाळजेवणाच्या ओटीत नारळाबरोबर त्या कागदाची छायाप्रत घालण्याचा शिरस्ता पाडला, तर शास्त्रार्थाला बाध येणार नाही.

बाळ घरी आल्यावरही हा हिशेब संपत नाही. आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन वजन, ताप आणि स्तनपान पाहावे असा नियम आहे, आणि त्याचे मूळ गडचिरोलीत ‘सर्च’ने तयार केलेल्या आरोग्यदूतांच्या कामात आहे; नवजात मृत्यू तेथे त्या कामाच्या तिसऱ्या वर्षी बासष्ट टक्क्यांनी घटले होते. याहून अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट डोळ्यांची. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बालकाच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात, आणि प्राणवायूवर राहिल्यास त्या वेड्यावाकड्या वाढून मूल कायमचे अंध होऊ शकते. वेळीच पाहिले तर लेसरने दृष्टी वाचते. बाहेरून डोळे अगदी निकोप दिसतात, म्हणून आई निर्धास्त असते. ही तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बालकाची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. आणि या मुदतीतून माहेरचा मुक्काम, सोयराचे दिवस किंवा बारशाची तयारी यांपैकी काहीही वजा होत नाही.